बाटलीवर नाव कुणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘नाशिकच्या शॅम्पेनची भरारी’ असा मथळा होता. आधी चूक दाखवते, मग मुद्द्यावर येते. पुण्यात चाळीस वर्षं काढल्यावर ही सवय लागतेच. नाशिकची शॅम्पेन नसते. शॅम्पेन हा पॅरिसच्या पूर्वेकडचा एक प्रदेश आहे, आणि तिथल्याच द्राक्षांची, तिथेच, ठरलेल्या पद्धतीने केलेली वाइन असेल तरच तिला ते नाव लावता येतं. बाकी सगळ्या स्पार्कलिंग वाइन. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरला की आपण मार्केट यार्डात आवाज चढवतो ना, तसंच हे.

पण मथळ्यापेक्षा मला दुसरंच खटकलं. पानभर लेखात वायनरीचे मालक आहेत, त्यांचे पाहुणे आहेत, हातात उंच पेले घेतलेल्या तारका आहेत. द्राक्षं कुणाच्या बागेतली, ते एका ओळीतही नाही.

मी द्राक्षबागायतदाराची मुलगी. माहेर नारायणगावजवळ, येडगाव धरणाच्या पाण्यावरचं. वडिलांनी बाजरीचं रान मोडून मांडव घातला तेव्हा मी शाळेत होते. आता धाकटा भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, सहा एकर बाग बघतो. मी इथे एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी पीककर्जाच्या टेबलावर. दारूचं विचाराल तर वर्षातून दोन-तीन पेले होतात, तेही वयाच्या पासष्टीनंतर. ते कसे सुरू झाले, तेच सांगायला हे पत्र.

मुलगी नोकरीनिमित्त पॅरिसला असते. गेल्या मार्चमध्ये तिच्याकडे गेले होते. एका शनिवारी म्हणाली, “आई, तुला द्राक्षं दाखवते.” पाऊण तासात रेल्वेने शॅम्पेन प्रदेशातलं रॅन्स, तिथून एपर्ने. एपर्नेत एक लांबच लांब रस्ता आहे, त्याचं नावच ‘आव्हन्यू द शॅम्पेन’. दोन्ही बाजूंना जगभर नावाजलेल्या कंपन्यांच्या हवेल्या, मोठाली लोखंडी फाटकं आणि खाली खडूच्या दगडात खोदलेली मैलोगणती तळघरं. आम्हीही एका तळघरात उतरलो. कानाला यंत्र लावून तीस जणांच्या घोळक्यात फिरलो, शेवटी एकेक पेला मिळाला. छान होता. पण कुणी विचारलंच, काय बघितलंस, तर मला फक्त थंडी आठवते.

दुपारी मुलीच्या ऑफिसातल्या बाईंच्या ओळखीने एका गावात गेलो. टेकडीच्या उतारावर बागा, मधोमध चर्च, रस्त्यावर माणूस नाही. त्या बागायतदाराची जमीन पाच हेक्टर, म्हणजे आपले साडेबारा एकर. छाटणी चालू होती. वेली कमरेइतक्या, मांडव नाहीच, नुसत्या तारा. दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर. आपण नऊ बाय पाच फुटांवर लावतो तेव्हा एकरात हजाराच्या आत वेली बसतात. तिकडे एकरी तीन हजारांच्या वर. छाटलेल्या काड्या तिथेच जाळत होते. तेलाचं पिंप आडवं चिरून त्याला चाक लावलेलं, ढकलगाडीसारखं. बाई ती गाडी ओळीतून पुढे ढकलत होती आणि धूर तिच्या तोंडावर येत होता. माझी वहिनी आठवली.

त्या माणसाने मला काडी दाखवून विचारलं, तुमच्याकडे किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवता? मुलगी दुभाषी. मी म्हटलं, काडी बघून. मुलीने सांगायच्या आतच तो हसला, कारण मी बोलता बोलता अंगठ्याचं नख काडीवरून खाली नेत डोळे मोजत होते आणि त्याचीही सवय तीच. आपल्याला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, हे ऐकून मात्र त्याने कपाळाला हात लावला. त्यांची वेल थंडीत आपोआप झोपते. आपल्या हवेत ती झोपायचं नाव घेत नाही, म्हणून आपणच तिला वर्षातून दोनदा कात्री लावतो.

पायाखाली पांढरी ढेकळं होती. एक उचललं, त्याच्या लोखंडी दरवाजावर रेघ मारली. खडूच. शाळेतला खडू. हजारो वेली खडूत उभ्या होत्या.

मग त्याने बाटली हातात दिली आणि चष्मा लावायला सांगितला. समोरच्या चिठ्ठीवर त्याच्या आजोबांचं नाव, गावाचं नाव. मागे अगदी बारीक टायपात दोन अक्षरं आणि एक आकडा. संपादक महोदय, ती दोन अक्षरं हाच माझा मुद्दा आहे. शॅम्पेनच्या प्रत्येक बाटलीवर ती असावीच लागतात. ‘एन. एम.’ असेल तर द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारी कंपनी. ‘सी. एम.’ म्हणजे सहकारी संस्था. ‘आर. एम.’, रेकोल्तां-मानिप्युलां, म्हणजे ज्याने द्राक्ष पिकवलं त्यानेच वाइन केली. बाहेरची द्राक्षं फार तर शेकडा पाच. याखेरीज ‘आर. सी.’ असतं, ते जरा फसवं: नाव शेतकऱ्याचं, वाइन सोसायटीने केलेली. फसवं म्हटलं खरं, पण तेही बाटलीवर छापावंच लागतं. लपवाछपवी नाही.

तिथला हिशेब बघा. सगळा मिळून सुमारे ३४ हजार हेक्टरांचा प्रदेश, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सोळा-एक हजार शेतकऱ्यांची. कंपन्यांकडे जमीन दहा टक्के आणि विक्री सत्तर टक्क्यांच्या घरात. म्हणजे तिथेही पिकवणारा एक आणि मिरवणारा दुसरा, हे आहेच. म्हणून तर १९११ साली दंगली पेटल्या. १९१० चं पीक गारपीट आणि केवडा रोगाने धुऊन नेलेलं, शेतकरी उपाशी, आणि काही व्यापारी दुसऱ्या प्रांतांतून स्वस्त माल आणून शॅम्पेन म्हणून विकतात, हे उघड झालं. लोकांनी तळघरं फोडली, वाइन रस्त्यात ओतली, आय नावाच्या गावात इमारती जाळल्या, सरकारला फौज आणावी लागली. शॅम्पेन कशाला म्हणायचं याच्या आजच्या कडक कायद्यांमागे ती जाळपोळ आहे. तुमच्या पानावरच्या झुंबरांखाली हेही आहे, एवढंच.

केवडा, म्हणजे आपल्या बागायतदारांचा ‘डाऊनी’, डाऊनी मिल्ड्यू नावाची बुरशी. त्या बागायतदाराच्या तळघरात बाटल्यांच्या थप्प्या होत्या, वर खडूने साल लिहिलेलं. २०२० ची थप्पी छातीपर्यंत, २०२१ ची गुडघ्याला. मी बोट दाखवलं. तो एकच शब्द बोलला, “मिल्द्यू.” हा एक शब्द मला दुभाष्याशिवाय कळला. त्या वर्षी वसंतात हिमदंश आणि उन्हाळाभर पाऊस, अर्ध्याहून जास्त बाग गेली असं मग त्याने सांगितलं.

आता या वाइनचं आकर्षण काय, तर मला वाटतं ती गुडघ्याएवढी थप्पी. मोठी कंपनी शेकडो गावांची, निरनिराळ्या सालांची वाइन एकत्र करून चव अशी जुळवते की टोकियोत काय आणि मुंबईत काय, बाटली तीच लागली पाहिजे. ते कसबच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. वर्षानुवर्षं एकाच चवीची आमटी करणं किती कठीण हे बाईमाणसाला विचारा. पण या माणसाकडे एकच गाव. ऊन कमी पडलं तर वाइन आंबट, जास्त झालं तर गोलसर. त्याला झाकता येत नाही, आणि लोक नेमकं तेच शोधत येतात. मागच्या चिठ्ठीवर तो गाळ कोणत्या महिन्यात काढला तेही छापतो आणि साखर किती ग्रॅम घातली तेही. दुधाच्या पिशवीवर तारीख बघणाऱ्या पुणेकरांना हे पटायला हरकत नसावी.

गाळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. साधी वाइन आधी तयार होते. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं टोपण लावतात. आत पुन्हा आंबवण होते, गॅस बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. दाब सहा वातावरणांपर्यंत जातो. यीस्ट मरून तळाशी बसतं. कायद्याने बाटली किमान पंधरा महिने तळघरात हवी, त्यातले बारा त्या गाळावर. एकाच सालाची म्हणून विकायची तर तीन वर्षं. नंतर बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेत उतरतो. मान गोठवतात, टोपण काढलं की बर्फाचा गोळा गाळासकट फटकन उडतो. आमच्यासमोर त्याने एक बाटली न गोठवता, नुसत्या हाताने उघडून दाखवली. गाळ भिंतीवर, थोडा माझ्या शालीवर. शाल धुतली, डाग गेला नाही, आणि आता जाऊ नये असंच वाटतं.

चव म्हणाल तर पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं. साखर जवळजवळ नव्हतीच. मग मागून काहीतरी आलं: भाजलेल्या पावाची कड, लिंबाची साल आणि शाळेत पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तो वास. मी भेट म्हणून बाकरवडी नेली होती. ती फोडली आणि फजिती झाली. बाकरवडीच्या गोडाने वाइन कडवट लागायला लागली. तो बिचारा “त्रे बॉं, त्रे बॉं” (फारच छान) करत चावत राहिला.

आता माझं घरचं गाऱ्हाणं. मार्च २०१८. अण्णाचा माल उतरला होता, गोडी १८ ब्रिक्स, मणी एकसारखे. बाहेरच्या राज्यातला एक व्यापारी सलग दोन वर्षं रोख पैसे देऊन गेलेला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, गाडी खाली झाली की आठवड्यात पैसे. साडेआठ टन, ४२ रुपये किलो. तीन लाख सत्तावन्न हजार. पेट्यांवर त्याचाच छाप होता, लाल चोचीचा पोपट. संध्याकाळी गाडी गेली, दहाव्या दिवशी फोन बंद. मी बँकेतली म्हणून अण्णा मला विचारतो, “आक्का, कागद काय लागेल?” कागद होता एकच, वजनाची चिठ्ठी, तीही कार्बनची, पुसट. पोलिसांत गेलो तेव्हा त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: तो माल तुमचाच होता हे कशावरून? पेटीवर पोपट. गाव नाही, गट नंबर नाही, नाव नाही. वर्षभर ज्याने डोळे मोजले, विरळणी केली, अवकाळीत रात्री-बेरात्री बागेत उभा राहिला, त्याची द्राक्षं गाडीत चढली आणि पोपटाची झाली.

म्हणून त्या फ्रेंच माणसाच्या बाटलीवर त्याच्या आजोबांचं नाव वाचलं तेव्हा मला जे वाटलं, ते वाइनबद्दल नव्हतं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कर्जाच्या टेबलावर बसलेल्या बाईने भाबडं राहू नये. त्या भागात जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोच्या घरात. बाप गेला की वारसा कर भरण्यासाठी मुलं जमीन विकतात. भांडवल तीन-तीन वर्षं तळघरात अडकून पडतं. आमचा बागायतदारही सगळ्या द्राक्षांची वाइन करत नाही, निम्मी द्राक्षं कंपनीलाच विकतो, कारण त्याचे पैसे ठरल्या तारखेला येतात. किलोला सहा-सात युरो, म्हणजे आपले पाचशे-सहाशे रुपये, हा आकडा ऐकून अण्णा बराच वेळ बोलला नाही. बाटलीला द्राक्षं लागतात साधारण सव्वा किलो.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९८० च्या दशकात आमच्या नारायणगावातच शाम चौगुल्यांनी फ्रेंच जाणकारांच्या मदतीने याच पद्धतीची स्पार्कलिंग वाइन काढली, ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशी गेली. गावाला अभिमान होता. आज दिंडोरीत फ्रेंच कंपनीची वायनरी आहे, नाशिकच्या बऱ्याच वायनऱ्या शेनिन ब्लांक जातीच्या द्राक्षांपासून चांगली स्पार्कलिंग करतात. करार केलेल्या शेतकऱ्याला ठरलेला दर मिळतो, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) आणि विरळणीचा खर्च वाचतो. पोपटवाल्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर अनेक बागायतदारांनी स्वतःच्या वायनऱ्याही टाकल्या होत्या, हे आपण विसरलो. स्टीलच्या टाक्यांना कर्ज मिळालं, विकायला माणूस मिळाला नाही. २००८ च्या मंदीनंतर पुष्कळ बंद पडल्या. त्यांतल्या काहींच्या वसुलीची पत्रं माझ्या हाताने टाइप झाली आहेत. एकेका शेतकऱ्याने वायनरी काढावी असं मी त्यामुळे मुळीच म्हणणार नाही.

मी म्हणते ते वेगळं. त्या गावातही प्रत्येकाकडे सगळी यंत्रं नाहीत. बाटल्या भरायचं यंत्र ट्रकवर बसवून गावोगाव फिरतं, गाळ काढायचंही. त्याच्या शेजाऱ्याकडे रस काढायचं दाबयंत्र नाही, तो सोसायटीचं वापरतो. आपण तर सहकाराच्या गोष्टी जगाला सांगतो. (सहकाराचं आपण पुढे काय केलं तो विषय आज नको, पत्र लांबेल.) जुन्नर किंवा दिंडोरीत तालुक्याला एक दाबयंत्र, एक थंड खोली, एक भरायची गाडी, आणि ज्याची द्राक्षं त्याची टाकी वेगळी, त्याची बाटली वेगळी, तिच्यावर त्याचं नाव आणि गाव. पाच हजार बाटल्यांपासून सुरुवात करता यावी, परवान्याची फी त्याच मापात असावी आणि बांधावर आलेल्या गिऱ्हाइकाला बाटली विकता यावी. पुण्याजवळ मांजरी गावात आपलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागायतदार संघ पुण्यातच आहे. माणसं शोधायला लांब जायला नको.

आणि हे होईल तेव्हा होईल. मोठ्या वायनऱ्यांनी मागच्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि ती दोन अक्षरं छापायला आजही काय हरकत आहे? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा महिनाभर महाराष्ट्र भांडला: बाटली कुठल्या फळीवर ठेवायची. मी तेव्हा आपल्या वृत्तपत्राची कात्रणं ठेवली होती. बाजूने आणि विरुद्ध मिळून एकवीस. चिठ्ठीवर नाव कुणाचं, हा प्रश्न एकातही नाही. ज्यांना वाइन नकोच, त्यांचा मी आदर करते. आमच्या घरातच तसा माणूस आहे.

तो अण्णा. गळ्यात माळ, वारी चुकवत नाही. येताना दोन बाटल्या आणल्या होत्या, त्यातली एक भाऊबिजेला उघडली. वहिनीने आणि मी अर्धा-अर्धा पेला घेतला, भाजणीच्या चकलीबरोबर, आणि सांगते, जिथे बाकरवडी हरली तिथे चकली जिंकली. तेलकट, खारी, तिळाची चकली आणि वर तो आंबट फेस. वहिनी म्हणाली, “गोळीसोड्यात कुणी लिंबाचं साल विसरलंय.” अण्णाने पेल्याला हात लावला नाही. रिकामी बाटली घेऊन ओट्यावर उजेडात गेला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चिठ्ठी निरखत बसला. इंग्रजीच बेताचं, फ्रेंच कुठून येणार. पण खाली आकडे होते.

“आक्का,” म्हणाला, “हा त्याचा फोन नंबर आहे का?”

होता. पत्ताही होता.

“लागतो?”

लावला. व्हिडिओवर तो दिसला, मागे बाग, पानं पिवळी पडलेली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळेना. अण्णाने फोन फिरवून गोडी छाटणीनंतर फुटलेले आपले घड दाखवले. तिकडून आवाज आला, “मिल्द्यू?” अण्णाने मान हलवली आणि मूठ उघडझाप करत फवारणीची खूण केली. पाच की सहा फवारे झाले, यावर नंतर वहिनीशी वाद झाला.

आपली,
एक वाचक, एरंडवणे, पुणे ४

ता. क. कृपया नाव छापू नये. बाटलीवरच्या नावाबद्दल एवढं लांबलचक लिहून स्वतःचं नाव झाकते आहे, हे मला कळतं. पण आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे आणि मी खजिनदार आहे.